मावशीला विचारा : कॉलेजातली तक्रार समिती

मागच्या महिन्यात या पानावर मी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीबद्दल, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीबद्दल, जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार अशी तिन्ही जिल्ह्यांतली पत्रं आहेत. लिहिणाऱ्यांची नावं, गावं, कॉलेजं काढून टाकली आहेत आणि मजकूर आटोपशीर केला आहे. मी जळगावच्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिली केली आणि दोन कॉलेजांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले. सांगते ते त्या अनुभवावरून.

प्रश्न : मावशी, आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या सात मुली आहोत. आमच्यातल्या पाच जणी पावरा आणि भिल्ल समाजाच्या, होस्टेलला राहणाऱ्या. जानेवारीत एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर एका खेड्यात होतं. आम्ही शाळेच्या खोलीत झोपायचो. सोबत आलेला एक कर्मचारी रात्री दोनदा टॉर्च घेऊन 'मुली मोजायला' आत आला. तिसऱ्या रात्री त्याने एकीचं पांघरूण ओढून तिच्या अंगाला हात लावला. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, शिबिर गावात झालं, कॉलेजात नाही, त्यामुळे कॉलेजच्या समितीचा संबंध येत नाही. आम्ही समितीचा बोर्ड पाहिला. एक मॅडम दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यात, एकांची बदली झाली आहे. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांना फोन केला, तर त्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. आता कॉलेजने ठरवलंय की पुढच्या वर्षीपासून मुलींना मुक्कामी शिबिराला न्यायचंच नाही. आम्हाला निवेदन द्यायचं आहे. त्यात काय मागावं? मोर्चा काढावा का?

उत्तर : पोरींनो, आधी तुमच्या मैत्रिणीचं काम. निवेदन आठ दिवस थांबू शकतं, तिची तक्रार थांबू शकत नाही. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. एवढा भाग मी तुम्हाला पोस्टाने आधीच कळवला आहे, इथे इतरांसाठी छापते.

तिला स्वतःला लिहिणं जमत नसेल तर तिची तक्रार लिहायला मदत करणं हे समितीच्या सदस्यांचं काम आहे. तिने पावरीत सांगावं, तुमच्यातल्या एकीने मराठीत उतरवावं आणि मग तिला पुन्हा पावरीत वाचून दाखवावं. मी एका समितीवर असताना असं झालं की लिहून घेणाऱ्याने मुलीचं सगळं सांगणं गाळून 'गैरवर्तन' एवढा एकच शब्द घातला, आणि पुढे प्रत्येक बैठकीत गैरवर्तन म्हणजे नक्की काय यावरच वाद होत राहिला. मुलगी दर वेळी पहिल्यापासून सांगत होती. म्हणून तारीख, वेळ, टॉर्च, पांघरूण, हात कुठे लागला, शेजारी कोण जागी होती, हे सगळं तिच्याच शब्दांत पहिल्याच कागदावर येऊ द्या.

'शिबिर गावात झालं' हे कारण साफ चुकीचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे विनियम २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यांत कॅम्पस म्हणजे कॉलेजची भिंत नव्हे. सहली, शिबिरं, क्रीडास्पर्धा, युवक महोत्सव, इंटर्नशिप, कॉलेजने ठेवलेली गाडी, सगळं कॅम्पसमध्येच धरलं आहे. ते पान छापून तक्रारीला जोडा. शिवाय जे घडलं तो गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली त्याला किमान एक आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. मुलगी आदिवासी आणि करणारा अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. पोलिसांत जायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि समिती व पोलीस ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. कोणी 'एकच काहीतरी निवड' म्हणालं तर ऐकू नका. वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता निवेदन. त्यात मैत्रिणीचं नाव, वर्ग, गाव काही येऊ देऊ नका. तिची तक्रार वेगळी, तुमच्या सगळ्यांची मागणी वेगळी. दोन्ही एका कागदावर आली की मागणी मान्य करायच्या बदल्यात तक्रार मागे घे असा सौदा सुरू होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या मते पहिली मागणी विद्यार्थी सदस्यांच्या निवडणुकीची असावी. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत, असं विनियम सांगतो. आपल्याकडे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. त्यामुळे 'निवडून' म्हटलं तरी कोणी तरी दोन हुशार मुलींची नावं लिहून मोकळं होतं. तुम्ही तिथेच अडून बसा. निवडणुकीला पोस्टर आणि पैसा लागत नाही. वर्गावर्गात चिठ्ठ्या टाका. मी याला एवढं महत्त्व देते, कारण घाबरलेली मुलगी आधी मॅडमकडे जात नाही, बाकावरच्या मैत्रिणीकडे जाते. ती मैत्रीणच समितीत असेल तर रस्ता तिथून सुरू होतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून अशी निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती होती. २०१७ साली ती मोडून प्रशासनाने दुसरी नेमली, तेव्हा तिथले विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही रस्त्यावर आले. निवडून देण्याचा हक्क गेला तर काय जातं हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

दुसरी मागणी समितीत कोण नको याची. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशी वरच्या पदावरची माणसं समितीत बसू शकत नाहीत. अध्यक्ष बाईच हवी, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. बाहेरची सदस्य खरोखर येणारी हवी, तिला नेमणुकीचं पत्र हवं. पुढची गोष्ट अगदी साधी आहे, पण तीच होत नाही. सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीत, मुलींच्या खोलीत, होस्टेलच्या जेवणघरात आणि ग्रंथालयाच्या दाराशी लावा. ऑफिसच्या कपाटामागच्या भिंतीवर लावलेला कागद कोण वाचणार?

शिबिराबद्दल मागा की मुलींच्या मुक्कामाच्या खोलीत महिला शिक्षिका झोपेल, दिवे मालवल्यावर कोणताही पुरुष आत येणार नाही, आणि निघण्याआधी समितीतल्या एकीचा नंबर प्रत्येक मुलीकडे असेल. मुलींचं शिबिर बंद करण्याचा निर्णय मागे घ्या, हेही स्पष्ट लिहा. ज्याने हात लावला तो पुढच्या जानेवारीत शिबिराला जाईल आणि तुम्ही होस्टेलला बसाल, हे मला मुळीच मान्य नाही.

निवेदनाआधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, त्याला तो कायदा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत. समिती नेमल्याचा आदेश, गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि वार्षिक अहवाल मागा. तक्रारींचा तपशील मागू नका. तो गुप्त असतो, आणि असायलाच हवा. मी पहिल्यांदा सदस्य झाले तेव्हा मला बैठकांचं रजिस्टर दाखवलं होतं. चार वर्षांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत, आणि प्रत्येक पानावर तेच वाक्य : 'एकही तक्रार प्राप्त नाही.' कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची कमिटी यायची होती म्हणून ते एका बैठकीत बसून लिहिलं होतं. त्याच वर्षी त्या कॉलेजातल्या दोन मुली शिक्षण सोडून गेल्या होत्या. का गेल्या, ते शिपाईबाईला माहीत होतं, रजिस्टरला नव्हतं.

निवेदन दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. मग पंधरा दिवस वाट पाहा. उत्तर नाही आलं, तर बसा. आधी कॉलेजच्या आवारात, जेवणाच्या सुट्टीत, हातात निवेदनाची प्रत घेऊन. आई-वडिलांना आधी सांगा, ते सोबत येतील असं बघा.

आणि मोर्चाला घाबरू नका. तुम्ही ज्या भागातून लिहिता तिथे हे नवीन नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या चळवळीत तुमच्या आज्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभं केलं. त्यांच्यातल्या बहुतेकींना सही येत नव्हती. त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट सांगते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, असं म्हटलं. कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. मी तेव्हा धुळ्यात कॉलेजात होते. ते पत्र आम्हाला कोणी वर्गात वाचून दाखवलं असतं तर, असं मला आजही वाटतं. तुम्ही तुमच्या मुलींना वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. मुलगी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींच्या सुरक्षेसाठी कॉलेजात निवेदन दिलं, त्यावर पहिली सही तिची आहे असं कळलं. भाऊबंद म्हणतात, उद्या पोरीचं नाव निघेल, स्थळं येणार नाहीत. तिला घरी आणावं का?

उत्तर : दादा, आणू नका. तुमच्या पत्रात तिच्याबद्दलची काळजी ओळीओळीत आहे, म्हणून तुम्हाला एक सांगते. ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

१९८४ साल. मी बी.एस्सी. करत होते, वकिली नंतरची. माझी एक मैत्रीण शिरपूर तालुक्यातली, गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. प्रॅक्टिकलचं जर्नल तपासायला एक शिक्षक तिला एकटीलाच थांबवायचे. ती बाहेर यायची तेव्हा नळावर बराच वेळ हात धूत राहायची. आम्ही पाच जणी होतो, पाचही जणींना कळत होतं. कोणी काही बोललं नाही. कोणाकडे बोलायचं तेच ठाऊक नव्हतं, आणि जर्नलवरची सही सगळ्यांनाच हवी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. आखाजीला तिचं लग्न लागलं. मी गेले होते. झोका बांधलेला होता, बायका गाणी म्हणत होत्या. तिच्या आजीने मला जवळ घेऊन विचारलं, "काय व माय, काय झायं व्हतं?" मी मान खाली घातली. निघताना मैत्रीण म्हणाली, माझं जर्नल लॅबमध्येच राहिलंय, आणशील का? ते मी कधीच आणू शकले नाही.

तिच्या वडिलांनीही तुमच्यासारखंच, मायेपोटी, तिला घरी आणलं होतं.

नाव निघण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुम्हाला १९९४ आठवत असेल. मुलींना फसवून, फोटो काढून, धमकावून त्यांचा छळ करणारी टोळी जळगावात उघडकीला आली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या शहराचं नाव आलं. मी तेव्हा कोर्टात नवीन होते. छळ झालेल्यांपैकी साक्षीला पुढे आल्या त्या मोजक्या. बाकीच्या घरांनी दारं लावून घेतली, त्यामुळे खटले उभे राहीनात. जळगावची मुलगी म्हटल्यावर स्थळवाले मागे सरायचे हे मी माझ्याच नात्यात पाहिलं, आणि ज्या मुलींचा त्या प्रकरणाशी कसलाही संबंध नव्हता त्यांनाही ते भोगावं लागलं. म्हणजे गप्प बसूनही नाव निघतंच, दादा. आणि वर गुन्हेगार सुटतात.

तुमच्या मुलीने सही केली आहे ती समिती नीट नेमा, दिवे लावा, नावं बोर्डावर लिहा, एवढ्यासाठी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आज रात्री तिला फोन करा. रागावू नका, निवेदनात काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणा. मग एक दिवस बागेचं काम कोणावर तरी सोपवून जळगावला या आणि पालक म्हणून प्राचार्यांना भेटा. वडील येऊन समोर बसले की कॉलेज त्या मुलीशी जपून वागतं. भाऊबंदांना सांगा की दुसरी सही माझी आहे.

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातला मुलगा, एम.ए.ला आहे. आमच्या कॉलेजात मुलींनी समितीसाठी आंदोलन केलं, मी पाठिंबा दिला. पण मित्र म्हणतात, उद्या एखादीने राग काढायला खोटी तक्रार केली तर तुझं आयुष्य संपेल. आणि दुसरं, मुलगी स्पष्ट नाही म्हणाली नाही तर आम्ही काय समजायचं?

उत्तर : बाळा, तुझे दोन्ही प्रश्न मी गंभीरपणे घेते.

समिती नीट असली तर ती तुझंही ऐकते. तक्रारीची प्रत तुला सात दिवसांत मिळते, उत्तराला दहा दिवस मिळतात, साक्षीदार देता येतात. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही आणि मुलीला शिक्षा होत नाही, पण मुद्दाम रचलेली निघाली तर होते. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या समितीकडे तक्रार करू शकतात, हे मित्रांना सांग. रॅगिंगच्या नावाखाली होस्टेलात मुलांबरोबर जे चालतं, त्यातलं बरंच इथे येतं.

कामचलाऊ समितीने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. गोवा विद्यापीठातल्या एका शिक्षकाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारींची चौकशी २००९ साली झाली. समितीने शेवटी शेवटी बैठका इतक्या घाईने उरकल्या की त्याला बचावाची पुरेशी संधीच मिळाली नाही. बडतर्फी झाली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी त्या मुलींपुढे पुन्हा पहिलं पान. त्याच निकालात देशभर समित्या खरंच नेमल्या आहेत का ते तपासा, असाही आदेश न्यायालयाने दिला. तू ज्या आंदोलनाला पाठिंबा दिलास ते याचसाठी आहे, आणि त्यात तुझाही बचाव आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. विचार. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अँटिओक नावाच्या छोट्या कॉलेजात १९९१ साली मुलींनी लढून एक नियम करून घेतला की जवळिकीच्या प्रत्येक पायरीवर शब्दांनी विचारायचं आणि शब्दांनी होकार घ्यायचा. तेव्हा देशभर त्यांची टिंगल झाली. २०१४ साली कॅलिफोर्निया राज्याने सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांसाठी जवळपास तोच नियम कायद्यात घातला : गप्प राहणं म्हणजे होकार नाही. मथुराच्या खटल्यात तिच्या गप्प राहण्याचाच होकार केला गेला होता. आपल्याकडेही २०१३ पासून बलात्काराच्या कलमात हे स्पष्ट आहे की संमती स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध हवी, प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं नाही. मुलगी मान खाली घालून बसली असेल, फोन उचलत नसेल, वाट बदलून जात असेल, तर तिने उत्तर दिलेलं आहे.

प्रश्न : धुळे जिल्ह्यातल्या कॉलेजात मी सहयोगी प्राध्यापक आहे. महिन्यापूर्वी मला समितीची अध्यक्ष केलं. पहिलीच तक्रार एका सहकाऱ्याविरुद्ध आली आहे. वरून निरोप आहे, दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाका, परीक्षा तोंडावर आहेत. काय करू?

उत्तर : मॅडम, समोरासमोर बसवू नका. समेट करायचा असेल तर तो फक्त मुलीने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. तुम्ही सुचवायचा नाही, प्राचार्यांनीही नाही.

परीक्षा तोंडावर आहेत म्हणूनच एक काम उद्याच करा. त्या शिक्षकाकडून तिचे इंटर्नल मार्क, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी काढून घ्या, अशी लेखी शिफारस पाठवा. चौकशी चालू असताना द्यायच्या अंतरिम मदतीत हे स्पष्ट आहे. मुलींचं तोंड बंद ठेवणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही वीस गुणांची इंटर्नल असते. १९८४ साली एका जर्नलवरच्या सहीपायी आम्ही पाच जणी गप्प बसलो होतो, ते वर लिहिलंच आहे.

चौकशीला तुम्ही धरून किमान तीन सदस्य हवेत, दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, काम नव्वद दिवसांत संपवायचं. त्याने विचारायचे प्रश्न लेखी घ्या, गैरलागू असतील ते गाळा, उरलेले तुम्ही विचारा. खोली अशी निवडा की बाहेर बाकावर त्याचे मित्र बसलेले नसतील. ती सांगत असताना कोणीही फोनकडे पाहू नये. कपड्यांचा प्रश्न, 'तू तिथे गेलीसच का' हा प्रश्न, कोणीही विचारला तरी अध्यक्ष म्हणून तुम्ही थांबवा आणि थांबवल्याची नोंद करा. मुलगी अकरावी-बारावीची, अठराच्या आतली असेल, तर गोष्ट वेगळी होते. तिथे पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे.

अहवाल दिल्यावर संस्था पुन्हा आपली वेगळी चौकशी नेमू पाहील. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत २००४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरायचा. त्या आदेशाची प्रत फाईलला लावून ठेवा. आणि सहकाऱ्यांच्या खोलीत काही दिवस तुमच्याशी कोणी बोलणार नाही, हे गृहीत धरा. माझ्याशीही बोलत नव्हते. त्या दिवसांत एक जुन्या ग्रंथपालबाई रोज चहा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायच्या, त्यांचं ऋण मी विसरले नाही. तुम्हाला कोणी नसेल तर या पत्त्यावर लिहा.

प्रश्न : होस्टेलचं गेट मुलींसाठी संध्याकाळी सातला बंद, मुलांसाठी दहाला. ग्रंथालय नऊपर्यंत उघडं. विचारलं तर म्हणतात, तुमच्या सुरक्षेसाठी.

उत्तर : सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत, हे २०१५ च्या विनियमांतच लिहिलेलं आहे. त्याच वर्षी दिल्लीतल्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत याच गेटच्या वेळेवर आंदोलन उभं केलं. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या मुली सिंहद्वारावर बसल्या तेव्हा त्यांच्या मागण्या रस्त्यावर दिवे हवेत, पहारेकरी हवेत, इतक्या साध्या होत्या. २३ तारखेच्या रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. पण त्यानंतर तिथे पहिल्यांदा बाई चीफ प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाची शिस्त आणि सुरक्षा पाहणारी प्रमुख, झाली.

तुम्ही ग्रंथालयाचं नोंदणी रजिस्टर घ्या आणि महिनाभरात सातनंतर किती मुलं बसली, किती मुली, एवढं मोजून निवेदनाला जोडा. ग्रंथालय ते होस्टेल रस्त्यावर किती खांब आहेत आणि किती दिवे लागतात तेही मोजा. गेट नऊला करा आणि दिवे दुरुस्त करा, या दोन मागण्या एकाच कागदावर असू द्या. गावाहून येणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळची एसटी उशिरा हवी असेल तर आगारप्रमुखांना वेगळा अर्ज, त्यावर प्राचार्यांची शिफारस घ्या. पोच मिळाली की तारीख मला कळवा, मी माझ्या डायरीत लिहून ठेवते आणि पंधराव्या दिवशी तुम्हाला पत्र टाकते.